गोटा आणि जातं

त्या सकाळी डोंगराखालच्या गावावर असं दाट धुकं उतरलं होतं, की माणसाला आपल्याच अंगणातली तुळस दिसत नव्हती. शेजारी कोण जागं झालंय ते खोकल्यावरून ओळखायचं. गवत दहिवरानं भिजलं होतं. कोंबडासुद्धा उजाडलं की नाही या विचारात पडून मध्येच आरवत होता नि मध्येच गप्प बसत होता.

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ती पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. मोठ्यांनीही बसून ऐकायला हरकत नाही. लहानांपेक्षा ती त्यांच्याच कामाची आहे.

तर त्या धुक्यात रायाजी मुकादम अंथरुणावर उठून बसला होता आणि भिंतीकडे कान देऊन ऐकत होता.

रायाजीच्या घराला लागूनच केरबाचं घर होतं. दोन घरांत मिळून मातीची एकच भिंत. त्या भिंतीपलीकडे केरबाची बायको हौसा रोज पहाटे जातं ओढायची. ती घरघर कानावर आली की रायाजीला बरं वाटायचं. जातं फिरतंय, म्हणजे घरात दाणे आहेत. दाणे आहेत, म्हणजे चिंता नाही. मग तो निवांत कूस बदलायचा.

आज जातं वाजलं नव्हतं.

"अगं, हौसाला बरं नाही की काय?" त्यानं बायकोला विचारलं.

चिमाबाई चुलीपुढं बसली होती. ती काही बोलली नाही. नुसती फुंकणी फुंकत राहिली, नेहमीपेक्षा जरा जोरानं.

ती का बोलली नाही, हे कळायला थोडं मागं जायला हवं.

त्या गावात चाळीस उंबरे होते. रान सगळं खडकाळ. गाव जगायचं ते वाटेवर. गावातून एक घाट वर चढायचा, आणि त्या घाटानं बारा महिने बैलांचे तांडे जायचे. वर जाताना मीठ, खाली येताना धान्य. तांडा म्हटलं की त्याला काय लागत नाही? कुणी बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचं, कुणी गोण्या शिवायचं, कुणी वैरण विकायचं, कुणी भाकऱ्या भाजून द्यायचं. केरबा दोर वळायचा. बैल थकेल पण केरबाचा दोर थकायचा नाही, असं तांडेवाले म्हणायचे.

मग पलीकडच्या डोंगरात सोपी वाट निघाली. तांडे तिकडून जाऊ लागले. कुणी कुणाचं वाईट केलं नव्हतं, नुसती वाट बदलली होती. पण चाळीस घरांची कामं त्या वाटेच्या मागं मागं निघून गेली.

राजा भला होता. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली. तो म्हणाला, "त्या गावाला तळं बांधून द्या, आणि बांधायला त्याच गावाचे हात लावा. जो राबेल त्याला रोज संध्याकाळी दोन शेर जोंधळे." गावात पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, खणून ते दाण्यांनी भरलं. त्यावर एक कारभारी बसवला. कारभाऱ्यानं चौकशी केली, की गावात सगळ्यात सरळ माणूस कोण? सगळ्यांनी रायाजीचं नाव सांगितलं. रायाजी मुकादम झाला.

कारभारी त्याला म्हणाला, "हे बघ, माणसं धडधाकट घे. कमजोर हातांवर राजाचे दाणे उधळायचे नाहीत. आणि आपला-परका करायचं नाही."

रायाजीला आपला-परका या शब्दाचीच भीती वाटायची. तो रात्रभर विचार करत राहिला आणि सकाळी त्याला भैरोबाच्या देवळापुढचा गोटा आठवला.

गोटा म्हणजे मोठा, वाटोळा, गुळगुळीत दगड. जत्रेत गावातली पोरं तो उचलून दाखवायची. उचलणाऱ्याला नारळ मिळायचा. रायाजीनं ठरवलं, रोज सकाळी जो गोटा छातीपर्यंत आणील, त्याला त्या दिवशी काम.

"गोटा काही कुणाचा सासरा नाही नि कुणाचा जावई नाही," तो म्हणाला. "त्याला सगळे सारखे."

गाव हसलं. गावाला ते पटलं. कारभाऱ्यालाही पटलं. यात रायाजीचं काही चुकतंय, असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही.

पहिल्या सकाळी बहुतेक घरांतल्या माणसांनी गोटा उचलला. केरबानं तर खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारली, आणि खाली ठेवताना विचारलं, "रायाजीदादा, नारळ कुठाय?"

पंधरा दिवस गेले. केरबाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय भोपळ्यासारखा सुजला, ठणका कमरेपर्यंत जाऊ लागला. आठ-दहा दिवस तो कामावर आला नाही. काम नाही म्हणून दाणे नाहीत. जे घरात होतं ते म्हातारी आई नि धाकटी लेक ठकी यांच्या पानात पडलं. केरबा नि हौसा पेज पीत राहिले, आणि त्या पेजेतही दिवसेंदिवस पाणीच वाढत गेलं.

पाय बरा झाला. केरबा देवळापुढं आला. गोटा गुडघ्यापर्यंत आला नि तिथंच थांबला.

"आज राहू दे, केरबा," रायाजी म्हणाला. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गोटा गुडघ्यापर्यंतही आला नाही.

"उद्या ये."

"येतो की," केरबा घाम पुसत म्हणाला. "तोवर गोटाच थोडा झिजेल."

लोक हसले. रायाजीही हसला. शेजाऱ्याला असंच काम द्यावं, असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण लगेच दुसरा विचार आला, की उद्या लोक म्हणतील, मुकादमानं आधी आपल्या भिंतीपलीकडचा शेजारी बघितला. तो गप्प बसला. केरबाही काही मागायला आला नाही. त्यानं फक्त रायाजीदादा म्हणायचं सोडलं आणि तो मुकादम म्हणू लागला.

असं एका केरबाचंच झालं नाही. कुणाला ताप आला, कुणाची बायको बाळंत झाली, कुणाच्या पाठीत उसण भरली. चार दिवस चुकले, की पाचव्या दिवशी गोटा जड व्हायचा. एकदा जड झालेला गोटा पुन्हा हलका होत नव्हता. विधवा सगुणाला तर गोट्यापाशी उभंही राहू दिलं नव्हतं. बाईमाणसाचं ते काम नव्हे, लोक म्हणाले. महिन्या-दीड महिन्यात तळ्यावरचे हात निम्मे उरले आणि बांधाचं काम रांगायला लागलं.

"माणसं आळशी झाली," रायाजी कारभाऱ्याला सांगायचा. त्याला ते मनापासून खरं वाटायचं. दोन घरं दाराला बोराटीची काटेरी फांदी लावून गाव सोडून गेली. फांदी म्हणजे तिथलं कुलूपच. ती दिसली की समजायचं, आत आता कुणी नाही.

आता त्या धुक्याच्या सकाळी परत येऊ.

रायाजीनं पुन्हा विचारलं, तेव्हा चिमाबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"दाणे असले की जातं गुणगुणतं," ती म्हणाली. "नसले की दात खातं. महिना झाला, हौसाचं जातं दात खातंय. तुम्हा पुरुषांना घरघर तेवढी ऐकू येते."

"म्हणजे? रिकामंच ओढते?"

"रिकामंच. रानातला पाला उकडून दिवस काढतात, नि जातं ओढते ती गावाला ऐकू जावं म्हणून. त्यातून मुकादमाला ऐकू जावं म्हणून."

"मग तू भाकरी द्यायचीस की!"

"चारदा नेली, चारदा परत आली. म्हणते, 'वैनी, आत्ताच जेवलो, ठकीचं पोट दुखेल.' आणि ठकी तिच्या पदराआडून माझ्या ताटलीकडं बघत होती." चिमाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आज जातंही थांबलं. ओढायला बळ नसेल, नाहीतर घरात माणसं नसतील."

सुचेनासं झालं की माणूस रोजचं काम करतो. तो उठून गोठ्यात गेला. त्याच्या दावणीला दोन बैल होते. त्यातला पाखऱ्या महिन्यापूर्वी आजारी पडून पार खंगला होता. रायाजीनं पहिली पेंढी पाखऱ्यापुढं सोडली, वरून मूठभर पेंड घातली, पाठीवरून हात फिरवला.

चिमाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"पाखऱ्या औताला कधी जुंपणार?"

"अजून आठ दिवस तरी नाही. अंगात काही आहे का त्याच्या? आधी खाऊ दे, सावरू दे."

"त्याला रोज सकाळी गोटा का ओढायला लावत नाही? ओढला तर वैरण टाकायची."

रायाजीचा हात पाखऱ्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"असं कसं? बैल माझा आहे," तो म्हणाला.

"होय. आणि केरबा कुणाचा आहे?"

ती आत निघून गेली. पाखऱ्या कडबा चावत राहिला. रायाजी बराच वेळ तो आवाज ऐकत उभा राहिला, आणि मग पायात वहाणा न घालताच बाहेर पडला.

केरबाच्या दारात गाठोडं बांधून ठेवलं होतं. म्हातारी घोंगडं गुंडाळून ओट्यावर बसली होती. हौसाच्या कडेवर ठकी होती आणि केरबाच्या हातात बोराटीची फांदी.

"या, मुकादम," केरबा म्हणाला. "तुमच्या गोट्याला आमचा रामराम सांगा."

"कुठं निघालास?"

"वाट गेली तिकडं. दोर वळायला कुणी ठेवून घेतं का बघतो."

"थांब, केरबा. आजचा दिवस थांब."

"महिनाभर 'उद्या ये' म्हणालात, आता 'आज थांब' म्हणताय. मी नक्की कोणत्या दिवशी जेवायचं ते तरी सांगा."

केरबा हसत हसतच बोलला होता. पण हौसानं तोंड फिरवलं. रायाजी उंबऱ्यावर बसला. त्यानं केरबाच्या हातातली फांदी घेतली, तिचा काटा बोटात घुसला, तरी त्यानं ती सोडली नाही.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "गोटा सगळ्यांना सारखा होता रे. पण सगळे सारखे जेवून येत नव्हते, हे मला दिसलं नाही. तुझी आई घाट चढेल का?"

केरबानं म्हातारीकडं पाहिलं. मग बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र धुक्याकडं पाहिलं.

"धुकं उठेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "अशात आईचा पाय घसरायचा. एवढ्यासाठीच हां. तुमच्यासाठी नाही."

फांदी उंबऱ्यावर टाकून रायाजी पळाला. पन्नाशीचा माणूस, अनवाणी, धुक्यात ठेचकाळत पळाला. कारभारी पेवाजवळ शेकोटी पेटवून बसला होता. मांडीवर भाकरी होती नि पुढं दुधाचा तांब्या.

"सरकार, आजपासून दाणे सकाळी द्या," रायाजी धापा टाकत म्हणाला. "काम नंतर. जे गोट्यापुढं हरले त्यांना आधी द्या. आठ दिवस खाऊ द्या, बसल्या जागची कामं करू द्या. मग गोटा उचलायला सांगा."

"धुकं डोक्यात शिरलं काय तुझ्या? आधी दाणे, मग काम? खाऊन पळून गेले तर?"

"माझ्या दावणीला दोन बैल आहेत. दोन्ही तुमचे."

"आणि न पळता इथंच राहिले, पण गोटाच उचलला नाही तर?"

"तरी दोन्ही तुमचे."

कारभाऱ्यानं त्याच्याकडं खालून वर पाहिलं. "तू राजाचा माणूस आहेस, का गावाचा?"

रायाजी साधा माणूस होता. त्याला फिरवून बोलता येत नव्हतं. त्यानं कारभाऱ्याच्या मांडीवरच्या भाकरीकडं बोट केलं.

"सरकार, पेवाचं झाकण भारी जड आहे. ते तुम्ही रोज उचलता. भाकरी खाण्याआधी कधी उचललंत का?"

कारभाऱ्याचा घास हातातच राहिला. धुकं हळूहळू पातळ होत होतं. देवळाचा कळस दिसू लागला होता. रायाजी एकदा कळसाकडं बघे, एकदा कारभाऱ्याकडं.

"आठ दिवस," शेवटी कारभारी म्हणाला. "नववा दिवस माझा. बैल धुऊनपुसून ठेव."

रायाजीनं दोन शेर जोंधळे उपरण्यात बांधले आणि तो परत पळत सुटला. गल्लीच्या तोंडाशी पोचला, तेव्हा ऊन पडलं होतं. केरबानं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं. म्हातारी काठी टेकत अंगण उतरली होती. फांदी दाराला लागली होती.

"केरबा! ही भीक नव्हे रे," तो लांबूनच ओरडला. "मजुरी आहे आजची. संध्याकाळच्या ऐवजी सकाळी मिळाली, एवढंच!"

"कसली मजुरी? मला गोटा उचलत नाही."

"तू आधी जेव. मग ओट्यावर बसून दोर वळ. दगड ओढायला दोर पुरत नाहीत, म्हणून मी महिनाभर रडतोय, आणि गावातला एकुलता एक दोरवाला मी गोट्यापुढं उभा करत होतो. आता मला काय म्हणायचं ते म्हण."

केरबानं डोक्यावरचं गाठोडं ओट्यावर उतरवलं. हौसानं ठकीला खाली ठेवलं. मग तिनं दाराची बोराटीची फांदी ओढून काढली, आत नेली आणि चुलीत घातली. थोड्या वेळानं त्या घराच्या कौलांतून धूर वर आला.

दळण मात्र त्या दिवशी चिमाबाईच्या जात्यावर झालं. हौसाचं जातं महिनाभर दगडावर दगड घासून गुळगुळीत झालं होतं, ते दाणा धरतच नव्हतं. रायाजीनं बांधावरचा पाथरवट बोलावून त्या जात्याला टाकी लावून ते पुन्हा खरबरीत करायला सांगितलं.

आठ दिवस गावात नवलच चाललं होतं. सकाळी दाणे मिळायचे, घरोघर चुली पेटायच्या, आणि मग माणसं जमेल ते काम करायची. केरबा दोर वळायचा. सगुणा टोपल्या सांधायची, कामकऱ्यांना पाणी द्यायची. पाठ धरलेला म्हातारा कुदळीला दांडे बसवायचा. पळून कुणीच गेलं नाही. उलट तिसऱ्या दिवसापासून माणसं न बोलावता बांधावर येऊन दगडांना हात घालू लागली. पोटात भाकरी गेली की हातांना स्वस्थ बसवत नाही, हे रायाजी बघत होता आणि मनातल्या मनात आपल्याच तोंडावर मारून घेत होता.

नववा दिवस उजाडला. सगळं गाव देवळापुढं जमलं. कारभारी पागोटं बांधून आला. रायाजीनं खरंच दोन्ही बैल धुऊन, शिंगं पुसून कडेला उभे केले होते. पाखऱ्याच्या अंगावर आता तकाकी आली होती.

एकेक जण पुढं झाला. कुणी गोटा झटक्यात छातीपर्यंत आणला, कुणी कसाबसा. शेवटी केरबा आला. त्यानं हातांना माती लावली, खाली वाकला आणि गोट्याला मिठी घातली. गोटा गुडघ्यापर्यंत आला. तिथं जरा थांबला. रायाजीनं डोळे मिटून घेतले. त्याला बैलांची काळजी नव्हती.

डोळे उघडले तेव्हा गोटा केरबाच्या खांद्यावर होता.

लोकांनी गलका केला. पण केरबा गोटा खाली ठेवीना. तो तसाच चालू लागला.

"अरे ठेव की आता!" कारभारी ओरडला. "झालं तुझं!"

"ठेवतो, सरकार. जागेवर ठेवतो."

चालत चालत तो तळ्यापाशी गेला. बांधात एका ठिकाणी मोठा दगड बसेल एवढी खोबण रिकामी होती. केरबानं गोटा तिथं उतरवला आणि तळहातानं थोपटून बसवला.

"इतके दिवस यानं आम्हाला कामावर घेतलं नाही," तो म्हणाला. "आता यालाच काम लागू दे. आधी जेवला नाही तरी याला चालतं."

गाव पोट धरून हसलं. कारभारी एवढा हसला, की त्याचं पागोटं सुटलं. बैल रायाजीच्या दावणीलाच राहिले. पुढं कारभाऱ्यानं ही गोष्ट राजाला सांगितली, आणि राजानं आपल्या मुलखात जिथं जिथं काम निघेल तिथं मजुरी सकाळी द्यायचा हुकूम काढला.

तळं ठरल्या वेळेच्या आधी बांधून झालं. त्यात पाणी थांबलं. खडकाळ रानात वाफे हिरवे झाले, आणि वाट गेलेल्या गावाला पाण्याचं काम मिळालं. सोडून गेलेली दोन घरंही परत आली आणि त्यांनी आपल्या दारांच्या फांद्या काढल्या. तो गोटा अजून बांधातच आहे म्हणतात. त्यावर बायका धुणं आपटतात.

म्हणून सांगतो, बाळांनो, भुकेल्या माणसाच्या बळाची परीक्षा बघू नये, आधी त्याला घास द्यावा, बळ त्याच्या मागून येतं.

टाकी लावलेलं जातं हौसानं पहिल्यांदा ओढलं, ती पहाटही धुक्याचीच होती. रायाजी अंथरुणावर उठून बसला. भिंतीपलीकडून आवाज आला, मऊ, भरलेला, गुणगुणणारा. या वेळी फरक त्यालाही कळला. तो इतका हळू खोकला, की चिमाबाईची झोपही मोडली नसती. पण भिंत एकच होती. पलीकडून केरबा बोलला, "रायाजीदादा, झोप मोडली का? सवय करून घ्या, आता हे रोज असंच वाजणार."